वाद्यांवरील धातूचे गुलाब



गिटारीच्या पोटावर मधोमध एक गोल भोक असते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आजच्या गिटारीत ते उघडेच असते. परंतु तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या युरोपात, तारा छेडून वाजवण्याच्या वाद्यांवर असे भोक सहसा उघडे ठेवीत नसत. त्यावर फुलासारखी नक्षीदार जाळी बसवीत आणि तिला ‘गुलाब’ म्हणत. अरबांच्या ऊद या वाद्यापासून उत्पन्न झालेल्या ल्यूटवर हा गुलाब वरच्या पातळ फळीतच कोरून काढलेला असे. जुन्या गिटारींवर तो चर्मपत्राचे थरावर थर रचून केलेला आढळतो. आणि काही वाद्यांवर तो धातूचा, साच्यात ओतलेला असे. या धातूच्या गुलाबाचा इतिहास आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. वस्तू दिसायला लहान, तळहातात मावेल एवढी. परंतु घडवणाऱ्या माणसाचे नाव त्याच्या वस्तूवर असावे की नसावे, या मोठ्या प्रश्नाशी तिचा इतिहास जाऊन भिडतो.

उधन्यात बसून युरोपातील जुन्या वाद्यांविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. उधना म्हटले म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट आणि जळगावकडे फुटणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग, एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु येथून पश्चिमेस, तापीच्या मुखाच्या उत्तरेला सुवालीचा किनारा आहे. सतराव्या शतकात सुरतेस येणारी इंग्रजांची मोठी गलबते याच किनाऱ्याजवळ नांगर टाकीत, आणि मालाबरोबर मोगल बादशहासाठी आणलेले नजराणेही येथेच उतरत. त्या नजराण्यांत तारांचे एक वाद्य होते. त्याचे नाव व्हर्जिनल.

व्हर्जिनल हे हार्पसिकॉर्ड या मोठ्या वाद्याचे धाकटे भावंड होय. दिसायला ते पेटीसारखे असते आणि त्याला पियानोसारख्या पट्ट्या असतात. म्हणून पुष्कळांचा समज होतो की हे पियानोचेच लहान रूप असावे. परंतु दोहोंच्या जातीत भेद आहे. पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटते. व्हर्जिनलमध्ये पट्टी दाबली की लाकडाची एक उभी पट्टिका वर उचलली जाते आणि तिच्यात खोचलेला पिसाचा देठ तारेला छेडून जातो. आपला सतारिया बोटात नखी घालून जे करतो, तेच काम येथे कावळ्याच्या जातीच्या पक्ष्याचे पीस करते. म्हणून व्हर्जिनल आणि हार्पसिकॉर्ड यांची गणना छेडून वाजवण्याच्या वाद्यांतच केली पाहिजे. त्यांच्या तारा लोखंडाच्या व पितळेच्या असत. तारांखाली पसरलेली जी पातळ फळी नाद देते, तिला आपल्या सतारीच्या भाषेत आपण तबली म्हणू. या तबलीतच तो गुलाब बसवलेला असे.

१६१२ साली टॉमस बेस्ट याच्या जहाजांचा ताफा सुवालीला आला. त्यानंतर पॉल कॅनिंग हा इंग्रज व्यापारी १६१३ मध्ये आग्र्यास जहांगिराच्या दरबारी गेला. त्याच्याबरोबर दोन वादक होते. त्याचा नातलग लान्सलॉट कॅनिंग व्हर्जिनल वाजवी, आणि रॉबर्ट ट्रली कॉर्नेट नावाचे फुंकवाद्य वाजवी. बादशहाला कॉर्नेट आवडले, व्हर्जिनलचे मात्र त्याला काहीच वाटले नाही. निकोलस विदिंग्टन या कंपनीच्या समकालीन नोकराने ही हकीकत लिहून ठेवली आहे. लान्सलॉट कॅनिंग या अवहेलनेच्या दुःखानेच मरण पावला, असा लोकांचा समज झाला होता, असेही त्याच्या लेखनावरून कळते.

पुढे सप्टेंबर १६१५ मध्ये सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील सुवालीला उतरला. १० जानेवारी १६१६ रोजी अजमेर येथे त्याने जहांगिराची पहिली भेट घेतली. त्याने आणलेल्या नजराण्यात एक घोडागाडी होती आणि पुन्हा एक व्हर्जिनल होते. रो निघून गेल्यावर बादशहाने दरबारातील जेझुइट पाद्र्यास विचारले की, इतक्या हलक्या किमतीच्या वस्तू पाठवणारा हा इंग्लंडचा राजा खरोखर थोर राजा आहे काय? त्याची अपेक्षा जडजवाहिराची होती. रत्नांना सवकलेल्या दरबारात लाकूड, तारा आणि पिसे यांची किंमत ती काय होणार!

या साऱ्या हकिकतीत नजराणा देणारा राजा आहे, तो नेणारा वकील आहे, वाद्य वाजवणारा आहे आणि त्याकडे पाठ फिरवणारा बादशहाही आहे. वाद्य घडवणारा मात्र कोठेच नाही. कारागिराच्या बाबतीत इतिहास बहुधा असाच मुका असतो. पण त्याच काळात युरोपात एक शहर असे होते की, तेथे वाद्य घडवणाऱ्याने आपली खूण वाद्यावर घातलीच पाहिजे असा नियम होता. ते शहर म्हणजे आजच्या बेल्जममधील अँटवर्प.

अँटवर्पमध्ये चित्रकार आणि त्यांच्याशी संबंधित कारागीर यांचा एक संघ होता. सुरतेत पूर्वी व्यापारउदिमाच्या ज्या संस्थांना महाजन म्हणत, त्याच धर्तीचा हा संघ; मात्र तो कारागिरांचा. संत लूक याने मरियामातेचे चित्र रेखाटले अशी परंपरा असल्यामुळे तो चित्रकारांचा आश्रयदाता संत मानला जातो, आणि म्हणून या संघाला संत लूकचे नाव होते. वाद्य करणारे या संघात शिरत ते बहुधा चित्रकार म्हणूनच, कारण वाद्यांवर चित्रे रंगवीत. १५५७-५८ च्या सुमारास दहा वाद्यकारांनी एकत्र येऊन अर्ज केला की, आम्हांस चित्रकार म्हणून नव्हे, तर हार्पसिकॉर्ड करणारे म्हणूनच संघात घ्यावे. अर्ज मान्य झाला आणि त्याबरोबर नियमही आले. नव्या उमेदवाराने स्वतःच्या हाताने एक वाद्य करून ते जाणत्यांच्या परीक्षेस उतरवावे, आणि उस्ताद झाल्यावर विक्रीस काढलेल्या प्रत्येक वाद्यावर आपली खूण, चिन्ह किंवा मुद्रा घालावी, असे ते नियम होते.

या नियमाचा हेतू उघड आहे. ग्राहकाला पेटीच्या आतले लाकूड दिसत नाही, सांधे दिसत नाहीत. सहा महिन्यांनी तबली तडकली तर विचारायचे कोणाला? वाद्यावर खूण असेल तर कारागिराला हात झटकता येत नाहीत. आम्हां शिक्षकांना याचे नवल वाटू नये. उत्तरपत्रिकेवर आधी नाव घालण्यास आम्ही मुलांना सांगतो, ते त्यांच्या गौरवासाठी नव्हे. पुढे जे लिहिले आहे त्याची जबाबदारी कोणाची, हे ठरावे म्हणून.

अँटवर्पच्या वाद्यकारांनी ही खूण घालण्यासाठी जी जागा निवडली, ती म्हणजे तबलीतला गुलाब. या कामात ज्यांनी सर्वांत मोठे नाव मिळवले ते रुकर्स घराणे होय. मूळ पुरुष हान्स रुकर्स १५७९ साली संघात दाखल झाला आणि १५९८ साली वारला. त्याचे मुलगे योआनेस आणि आंद्रेआस यांनी त्याचा व्यवसाय वाढवला. पुढे आंद्रेआसचा मुलगा आणि योआनेसचा भाचा कुशे यांनी तो सतराव्या शतकाच्या मध्यापलीकडे नेला. या घराण्याची सुमारे शंभर वाद्ये आज जगातील संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे शिल्लक आहेत.

रुकर्सच्या गुलाबाचे चित्र असे की, मध्यभागी एक पंखधारी देवदूत हार्प वाजवीत आहे, आणि त्याच्या दोन बाजूंस कारागिराची दोन आद्याक्षरे आहेत. हान्सच्या वाद्यावर ‘एच’ आणि ‘आर’. योआनेसच्या वाद्यावर, लॅटिन रीतीने, ‘आय’ आणि ‘आर’. आंद्रेआसच्या वाद्यावर ‘ए’ आणि ‘आर’. गुलाबाचा व्यास साधारणपणे साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या पाणी पिण्याच्या पेल्याच्या तोंडाएवढा. सभोवार तबलीवर रंगवलेल्या फुलांचा हार असे, आणि उरलेल्या जागेत फुले, पक्षी, पतंग, इतकेच काय, कोळंबीसुद्धा चितारलेली असे.

आता धातूविषयी. पाहणाऱ्याला तो गुलाब सोन्याचा वाटतो, परंतु असतो तो कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाचा. हे मिश्रण थोड्या आचेवर वितळते आणि साच्यातल्या बारीक रेषांतही सहज उतरते. म्हणून एकदा साचा तयार झाला की त्यातून हवे तितके सारखे गुलाब ओतता येत. थंड झाल्यावर त्यावर सोनेरी मुलामा चढवून तो तबलीच्या भोकात बसवीत. म्हणजे धातू स्वस्त, सोने वरवरचे, आणि नक्षी साच्यातली. त्या गुलाबाला मोल होते ते दोन अक्षरांमुळे. ज्याची अक्षरे, त्याचा शब्द.

कोणी म्हणेल, गुलाबामुळे आवाज सुधारत असेल. ल्यूट किंवा गिटार यांच्या बाबतीत हे काही अंशी खरे आहे. तेथे पोटातली हवा भोकावाटे खेळते, आणि भोकाचा आकार व जाळीची दाटी यांवर मंद्र स्वरांचा भरणा अवलंबून असतो. हार्पसिकॉर्डच्या मोठ्या तबलीत मात्र या लहान भोकाचा परिणाम अल्प असतो. अठराव्या शतकात लंडनमध्ये बुर्कात शुडी हा नामांकित वाद्यकार आपल्या हार्पसिकॉर्डांवर गुलाब घालीतच नसे, आणि तेवढ्यामुळे त्यांचा नाद उणा ठरला नाही. त्याच शहरातला त्याचा प्रतिस्पर्धी जेकब कर्कमन मात्र धातूचा सोनेरी गुलाब बसवी. त्यावर हार्प वाजवणारा दावीद राजा आणि कर्कमनची आद्याक्षरे असत. स्तोत्रे गाणारा दावीद हा ख्रिस्ती संगीताचा आदिपुरुषच मानला जातो; तेव्हा वाद्यकाराने आपले नाव त्याच्या शेजारी घालावे, हे त्या काळच्या श्रद्धेला धरूनच होते. याच शतकात इंग्लंडात घरोघरी रुळलेल्या, धातूच्या तारांच्या एका लहान गिटारीवरही धातूचे जाळीदार गुलाब दिसू लागले. आवाजासाठी आवश्यक नसताना ही रीत टिकली, यावरून गुलाबाचे खरे काम काय होते ते कळते.

परंतु नाव मोठे झाले की त्याची चोरीही होऊ लागते. अठराव्या शतकातील पॅरिसमध्ये रुकर्सच्या वाद्यांना विलक्षण मान होता. जुन्या तबलीचा नाद काळाबरोबर पक्व होतो, अशी समजूत होती. मात्र त्या वाद्यांच्या पट्ट्या नव्या संगीताला अपुऱ्या पडत. तेव्हा फ्रेंच कारागीर त्यांचे सांगाडे कापून रुंद करीत, पट्ट्या वाढवीत आणि जुनी तबली गुलाबासह जपून ठेवीत. आंद्रेआस रुकर्सने १६४६ मध्ये केलेले एक हार्पसिकॉर्ड पास्कल तास्कँ या वाद्यकाराने १७८० मध्ये अशा रीतीने वाढवले. ते आज पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे. हा झाला प्रामाणिक जीर्णोद्धार. पण याच मोहातून दुसरा मार्गही निघाला. नवे वाद्य करायचे, त्यावर रुकर्सचा गुलाब लावायचा, जुने साल घालायचे, आणि जुन्याच्या भावाने विकायचे! त्याच संग्रहालयात एक हार्पसिकॉर्ड आहे, त्यावर हान्स रुकर्सचे नाव आणि १५९० हे साल आहे. प्रत्यक्षात ते झाँ-क्लोद गुजों या पॅरिसच्याच कारागिराने १७४९ पूर्वी घडवलेले असल्याचे पुढे सिद्ध झाले.

या प्रकारातली विसंगती पाहण्यासारखी आहे. गुजों हा सामान्य हाताचा कारागीर नव्हता. त्याचे वाद्य जाणकारांनी पुष्कळ काळ रुकर्सचे म्हणून मानले, यातच त्याच्या कौशल्याची पावती आली. परंतु बाजाराला उत्तम वाद्य पुरेसे नव्हते. त्याला मेलेल्या माणसाचे नाव हवे होते. ग्राहकाच्या रक्षणासाठी निघालेली खूण दोनशे वर्षांच्या आत ग्राहकाला फसवण्याचे साधन झाली, आणि एका गुणी माणसाचे स्वतःचे नाव तिच्याखाली गाडले गेले.

म्हणूनच आजचे संशोधक गुलाब पाहून निर्णय देत नाहीत. गुलाब एका वाद्यातून काढून दुसऱ्यात बसवता येतो, आणि त्याचा साचाही घेता येतो. ते तारांची लांबी मोजतात, लाकडातील वार्षिक वलये तपासतात, आतल्या सांध्यांची ठेवण पाहतात. रुकर्सच्या कारखान्यात वाद्याच्या मापाचा आणि अनुक्रमाचा आकडा वाद्यावर लिहून ठेवण्याची रीत होती, तीही उपयोगी पडते. ग्रँट ओब्रायन यांनी या साऱ्या खुणांचा कसून अभ्यास करून १९९० साली रुकर्स परंपरेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. नावाची साक्ष अखेर कामाच्या साक्षीवरूनच पारखावी लागते, हा या अभ्यासाचा धडा होय.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय वाद्यांवर गुलाब नाहीत काय? आहेत, आणि त्यांतला सर्वांत परिचित गुलाब मराठी इतिहासाशी जोडलेल्या नगरात आहे. तंजावरच्या वीणेच्या तबलीवर दोन बाजूंस दोन गोल जाळीदार फुले असतात. ही फुले धातूची नव्हेत. पूर्वी ती हस्तिदंताची करीत, आणि हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आल्यापासून शिंगाची किंवा प्लॅस्टिकची करतात. चोवीस अचल पडद्यांच्या या वीणेचे श्रेय परंपरेने तंजावरचा रघुनाथ नायक याला देतात. त्याच्या वंशानंतर व्यंकोजी राजांपासून १८५५ पर्यंत तेथे भोसले घराण्याची गादी होती. तुळजाराजे यांनी ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ रचला. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेले दुसरे सरफोजी राजे यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले आणि पाश्चात्त्य संगीतालाही दरबारात स्थान दिले. राजांची नावे आपल्याला पाठ आहेत. त्यांच्या काळात फणसाच्या लाकडातून वीणा कोरणाऱ्या आचाऱ्यांची नावे किती जणांना सांगता येतील? संग्रहालयात जुनी वीणा मांडलेली असली तर तिच्याखाली बहुधा ‘तंजावर, एकोणिसावे शतक’ एवढेच लिहिलेले आढळते. फूल आहे, पण त्यात अक्षरे नाहीत.

महाराष्ट्रात मिरजेची कथा थोडी निराळी आहे. तेथील सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांचे पूर्वज शिकलगार होते. तलवारी-भाल्यांना धार लावणे आणि शस्त्रे उजळणे हा त्यांचा पिढीजात धंदा. लढाया संपल्या आणि तो धंदा बसला, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन यांनी तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला. पोलादाला पाणी देणारे हात भोपळा आणि लाकूड यांत रमले. त्यांच्या वंशजांनी आपले आडनावच सतारमेकर असे करून घेतले. वाद्यावर नाव घालण्याऐवजी माणसावरच वाद्याचे नाव चढले, असे म्हणता येईल. म्हणून मिरजेच्या बाबतीत आपण पहिल्या कारागिरांची नावे तरी घेऊ शकतो.

आजच्या काळातील अँटवर्पचा नियम म्हणजे भौगोलिक मानांकनाचा कायदा. तो १९९९ साली संमत झाला आणि २००३ पासून अमलात आला. या कायद्याखाली तंजावरच्या वीणेला २०१३ साली, आणि मिरजेची सतार व तंबोरा यांना २०२४ साली मानांकन मिळाले. आपल्या सुरतेच्या जरीलाही ते मिळालेले आहे. जर म्हटली की रुकर्सच्या गुलाबाची आठवण होतेच, कारण तेथेही आत एक धातू आणि वर सोन्याचे पाणी. अस्सल जरीत रेशमावर चांदीची तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा देत. मग तांब्याची तार आली, पुढे प्लॅस्टिकची चकचकीत पट्टी आली, आणि दुकानात तिन्ही सारखीच झळकू लागली. पैठणी घेणाऱ्या गृहिणीने ओळखायचे कशावरून? खूण हवी ती याचसाठी.

परंतु अँटवर्पची खूण आणि आपली खूण यांत एक फरक आहे. मानांकन गावाचे नाव राखते. गुलाब माणसाचे नाव राखीत असे. कायद्यात कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करता येते, हे खरे. पण ती नोंद दप्तरात राहते, वस्तूवर दिसत नाही. अर्थात अँटवर्पलाही पूर्ण न्याय होता असे समजू नये. गुलाबावर अक्षरे असत ती उस्तादाची. ज्यांनी फळ्या तासल्या ते मदतनीस, आणि ज्याने गुलाबाभोवती तो फुलांचा हार रंगवला तो चित्रकार, यांना त्या दोन अक्षरांत जागा नव्हती.

मग आपण एक पाऊल पुढे का जाऊ नये? मिरजेच्या तंबोऱ्यावर दुकानाचे नाव असते. त्याच्या जोडीला भोपळा कापणारा, दांडी तासणारा, नक्षी कोरणारा आणि जवारी काढणारा यांची नावे एका लहानशा चिठ्ठीवर लिहून वाद्याच्या पोटात चिकटवता येतील. याला ना कायदा लागतो, ना सोन्याचा मुलामा. शंभर वर्षांनी ते वाद्य कोणी दुरुस्तीस उघडले, तर त्याला चार माणसांची नावे मिळतील. आणि त्या नावांपैकी कोणी खोटे घातले असेल, तर त्याची परीक्षा करण्यास वाद्य स्वतः तेथे हजर असेलच.

सुवालीच्या किनाऱ्यावर उतरलेली ती व्हर्जिनले काळाच्या ओघात नाहीशी झाली. ती कोणी घडवली हे दरबाराने विचारले नाही, आणि वकिलानेही सांगितले नाही. पुढच्या पिढ्यांना आपल्या वाद्यांविषयी तरी असा अंधार लाभू नये, एवढे काम आपल्या हातचे आहे.